अम्मीने दिलेले नऊ

दरवर्षी २० मार्च जवळ आला की फोनवर तीच बातमी फिरू लागते. जागतिक आनंद अहवाल आला, फिनलंड पुन्हा पहिला, आपण पुन्हा तळाकडे. २०२४ मध्ये भारत १४३ देशांत १२६ वा होता, २०२५ मध्ये १४७ देशांत ११८ वा. पाकिस्तान आपल्या वर आहे हे कळले की एक गट चिडतो, दुसरा टिंगल करतो, आणि आपल्यासारख्या नावाच्या कुणी त्यावर दोन ओळी लिहिल्या की तिसरा गट ‘मग तिकडेच जा’ म्हणायला तयार असतो. दोन दिवसांत विषय संपतो. हा आकडा येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. मी विचारते, कारण असलेच आकडे गोळा करत मी एकदा नगरच्या गल्ल्यांतून फिरले आहे आणि त्यातला पहिला आकडा माझ्याच घरातून उचलला आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. मी सवयीने नगर म्हणते, आमच्याकडे सगळेच म्हणतात.)

अनेकांना वाटते की पगार, दवाखाने, रस्ते असे काही मोजून ही क्रमवारी लावत असतील. तसे नाही. क्रमवारी फक्त एका प्रश्नावर लागते. डोळ्यांसमोर एक शिडी आणा, असे माणसाला सांगतात. सर्वांत वरची दहावी पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य, सर्वांत खालची शून्य म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? हॅडली कँट्रिल नावाच्या अमेरिकी संशोधकाची ही शिडी. १९६५ मध्ये त्याचे पुस्तक आले, आणि ज्या देशांत त्याने ही शिडी नेली होती त्यांत भारतही होता. आता गॅलप ही संस्था जगभर तोच प्रश्न विचारते आणि अहवालवाले तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात. उत्पन्न, आयुर्मान वगैरे गोष्टी नंतर येतात, कुणाची सरासरी वर का आणि कुणाची खाली का हे समजावून सांगण्यासाठी.

२०२० च्या जानेवारीत मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. एका संस्थेला नगर शहरात आणि जवळपासच्या गावांत बायकांसाठी आरोग्य व समुपदेशन केंद्र काढायचे होते. ते कुठे काढावे हे ठरवण्यासाठी घरोघरी सर्वेक्षण होते. रोजावर मुली घेतल्या होत्या, त्यांत मी. चौदा पानी फॉर्म. तेरा पानांवर घर, नळ, संडास, शाळा, दुखणी. चौदाव्या पानावर कँट्रिलची शिडी आणि एकूण आयुष्याबद्दल किती समाधान आहे याची पाच विधाने. असली विधाने काही नवीन नाहीत. गोवंडीला लागून असलेल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या माणसांचे जे मोठे सर्वेक्षण केले, त्यातही आयुष्यातल्या समाधानाचे प्रश्न होते.

प्रशिक्षणात सांगितले होते, आधी घरी सराव करा. म्हणून मी अम्मीसमोर बसले. ती मेथी निवडत होती. तेरा पाने पटापट झाली. चौदावे पान मी आधी मराठीत वाचले, मग आमच्या बोलीत सांगितले. तिने मान वर न करता उत्तर दिले, “अल्लाह का शुक्र है. नौ लिख.”

“दस कायको नै?”

“दस तो जन्नत में मिलेंगे.”

मी नऊ लिहिले. त्या हिवाळ्यात अम्मीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरने शस्त्रक्रिया सांगितली होती आणि तिने ती पुढे ढकलली होती, कारण माझी फी भरायची होती. अब्बांच्या वेल्डिंगच्या कामाला त्या वर्षी फारसे गिऱ्हाईक नव्हते. कानातले गहाण पडले होते. हे सगळे मला ठाऊक होते, तरी मी नऊच लिहिले. उत्तर देणाऱ्याच्या उत्तराला हात लावायचा नाही, हे आम्हाला बजावले होते, आणि तो नियम बरोबरच आहे.

मग मुकुंदनगर, झेंडीगेट, भिंगार, आणि श्रीगोंदा व पारनेर तालुक्यांतली काही गावे. पहिल्याच आठवड्यात ‘समाधान’ या शब्दाने मला दमवले. मराठीत समाधान वाटते, आणि समाधान मानताही येते. आपल्याकडे मानण्याचेच प्रमाण जास्त. पारनेरकडच्या एका आजोबांनी मला सरळ सांगितले, “मानलं तर समाधान, पोरी.” फॉर्म विचारत होता वाटते का, आणि लोक सांगत होते मानतो. दोन्हीसाठी चौकोन एकच. आमच्या बोलीत विचारायचे तर आणखी पंचाईत. ‘खुश’ म्हटले की बायका लाजून हसत, जणू मी लग्नाचे विचारते आहे. ‘सुकून’ म्हटले की रात्रीच्या झोपेबद्दल सांगत. ‘राजी’ म्हटले की बोट वर जाई. राजी म्हणजे त्याच्या मर्जीवर राजी. तिथे शून्य ते दहा येतच नाही.

शिडीचेही तसेच. भिंगारमध्ये एका चाचांना मी तीनदा चित्र दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, विचार केला आणि म्हणाले, “बारा आने.” रुपयात बारा आणे. माझ्या मते त्या दिवसातले सर्वांत काळजीपूर्वक दिलेले उत्तर तेच होते. पण फॉर्मला आणे कळत नाहीत. दहाच्या मापात साडेसात होतात, आणि अर्धा चालत नसल्याने पर्यवेक्षक बाईंनी आठ करायला सांगितले. झेंडीगेटमध्ये एका बाईने चित्राकडे पाहून विचारले, “सीढी पकडी कौन है नीचे?” मी हसले. रात्री झोपताना तो प्रश्न पुन्हा आठवला, तेव्हा हसू आले नाही.

तो जानेवारी कसला होता हेही सांगायला हवे. नागरिकत्वाचा सुधारित कायदा डिसेंबरमध्ये झाला होता. प्रत्येक घरात कागदपत्रांची पिशवी बाहेर निघाली होती. गळ्यात ओळखपत्र आणि हातात फॉर्म घेऊन कुणी गल्लीत शिरले की दारे अर्धीच उघडत. “एनआरसी का है क्या?” “नाम कायको लिखती?” मी त्यांच्यातलीच होते, सलाम करून आत जात होते, तरीही. आणि घाबरलेला माणूस अनोळखी कागदाला काय सांगतो? सगळे ठीक आहे म्हणून सांगतो. पाणी येते का, येते. दवाखान्यात नीट वागवतात का, हो. किती समाधान, दहा लिहा. मी ते दहा लिहीत होते आणि ते कशाचे दहा आहेत हे मला नीट माहीत होते.

एक घर विसरत नाही. तेवीस-चोवीस वर्षांची सून, शेजारी लसूण सोलत बसलेली सासू. सुनेने प्रत्येक प्रश्नाला आधी सासूकडे पाहिले, मग उत्तर दिले. शिडीला दहा. मी निघाले, जिना उतरले, तर कचऱ्याची बादली घेऊन ती मागोमाग खाली आली. “बाजी, बारावी सायन्स है मेरा. कुछ कोर्स होता क्या, घर बैठके?” मी दोन-तीन गोष्टी सांगितल्या, नंबर दिला. फोन कधी आला नाही. तिचे दहा आजही कुठल्या तरी संगणकात दहाच असतील.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि काम अर्धवट थांबले. एप्रिलमध्ये तबलीगच्या बातम्यांनी आपल्या वस्त्यांचे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. नगर जिल्ह्यात परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले, भाजीवाले आमच्या गल्लीत यायचे बंद झाले. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, अशा अर्थाचे कडक शब्द वापरले. तीच शिडी एप्रिलमध्ये नेली असती तर काय उत्तरे आली असती, आणि ऑगस्टच्या त्या शुक्रवारी नेली असती तर काय? हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या अँगस डीटन यांनी अमेरिकेत गॅलपच्या रोजच्या मुलाखती तपासल्या. काही लोकांना शिडीच्या आधी राजकारणाविषयी प्रश्न विचारले होते, काहींना नव्हते. ज्यांना आधी राजकारण विचारले, त्यांची उत्तरे सरासरी अर्ध्या पायरीहून जास्त खाली आली. फक्त आधीच्या प्रश्नामुळे. आमच्या वस्तीत तर तो आधीचा प्रश्न कुणी विचारावा लागत नव्हता, दार उघडण्यापूर्वीच तो घरात बसलेला होता. फक्त त्याचा परिणाम उलट्या दिशेने झाला, उत्तरे वर गेली.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर संस्थेची ऑनलाइन बैठक झाली. जेवढे फॉर्म भरले होते तेवढ्यांवरून रंगीत आलेख काढले होते. आमच्या वस्त्यांचा समाधानाचा स्तंभ इतरांपेक्षा उंच होता. सादरीकरण करणाऱ्या गृहस्थांनी अगदी कौतुकाने सांगितले की अडचणी असूनही इथल्या महिला तुलनेने समाधानी आहेत, त्यांचा कौटुंबिक आणि धार्मिक आधार पक्का आहे. केंद्र दुसरीकडे निघाले. जिथे निघाले तिथल्या बायकांनाही त्याची गरज होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या गृहस्थांच्याही मनात काही वाईट नव्हते. पण अम्मीचे नऊ, चाचांचे बारा आणे आणि त्या मुलीचे दहा एकत्र करून त्यांनी आमच्या दारावर ‘इथे गरज कमी’ अशी पाटी लावली, आणि ते आकडे मी स्वतः आणून दिले होते.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते. अमर्त्य सेन यांनी एक जुने सर्वेक्षण पुन्हा पुन्हा सांगितले आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थने लोकांना तब्येत कशी आहे असे विचारले. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहोत किंवा तब्येत जेमतेम आहे. विधवांपैकी तसे म्हणणाऱ्या फक्त २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमधल्या विधवेचे ताट कसे असायचे हे आठवा आणि मग तो आकडा पुन्हा वाचा. जेमतेम आहे असे म्हणणारी तर एकही विधवा नव्हती. सेन यांनीच दाखवले आहे की आयुर्मानात सर्वांत पुढे असलेल्या केरळमधले लोक आजार जास्त सांगतात आणि बिहारमधले कमी. जिथे डॉक्टर आहे, शाळा आहे, तिथे माणूस दुखणे ओळखायला आणि बोलायला शिकतो. जिथे काही मिळण्याची आशाच नाही, तिथे दुखण्याला दुखणे म्हणत नाहीत.

आपल्याकडे त्यावर आणखी एक थर आहे, शुक्राचा. कसे आहात, या प्रश्नाला लहानपणापासून आपल्या तोंडात एकच उत्तर बसवलेले असते, अल्हम्दुलिल्लाह. तापाने फणफणलेला माणूसही तेच म्हणतो. नाशुक्री हा दोष आहे आणि लोकांपुढे गाऱ्हाणे गाणे सब्रमध्ये बसत नाही, असे आपण समजतो. हे आपले एकट्याचे नाही. शेजारच्या काकूही ‘देवाच्या दयेने बरं आहे’ म्हणतात, आणि शिर्डी ज्या जिल्ह्यात आहे तिथे रिक्षांच्या पाठीवर ‘सबुरी’ लिहिलेली असते, जी आपल्याच सब्रची बहीण आहे. मला हा संस्कार टाकून द्यायचा नाही. अम्मी ज्या वर्षातून गेली ते तिने शुक्राच्या बळावरच काढले. मी फक्त एवढे म्हणते की ते नऊ तिने मला दिलेच नव्हते. मी मध्ये बसले होते इतकेच, उत्तर दुसरीकडे चालले होते.

आणि हे फक्त न शिकलेल्या बायकांचे होते असे कुणी समजू नये. आपल्या नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझाद कैदेत होते. तिथे त्यांनी लिहिलेली, कधी न पाठवलेली पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. किल्ल्यात आल्यावर सुरुवातीच्याच एका पत्रात ते आनंदी राहण्याविषयी लिहितात. आंद्रे जीद या फ्रेंच लेखकाचा एक विचार त्यांना आवडला होता, की आनंदी राहणे ही नैतिक जबाबदारीसुद्धा आहे, कारण आपल्या उदासीचा भार इतरांवर पडतो. नंतर एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटच्या आजारात भेट व्हावी म्हणून सरकारकडे विनंती करायलाही मौलानांनी नकार दिला होता. त्या दिवसांत त्यांची ठरलेली वेळापत्रके, जेवण, बोलणे काही बदलले नाही. पण त्या पत्रात त्यांनी कबूल केले आहे की हा वरवरचा शांतपणा एक वठवलेली भूमिका होती, आतला माणूस हलला होता. किल्ल्यात त्या आठवड्यात कुणी शिडी घेऊन गेले असते तर मौलानांनी कुठली पायरी दाखवली असती, याचा मी पुष्कळदा विचार करते. बहुधा सभ्यपणे बरीच वरची दाखवली असती.

आमच्या गटातले काही मित्र म्हणतात, मग ही असली सर्वेक्षणे बंदच करा, सरळ नळ आणि शाळा मोजा. मला पटत नाही. नळ मोजून भीती मोजता येत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाचे तक्ते सगळे सांगतात, पण त्यातले मला सर्वांत उपयोगी वाटते ते प्रकरण तक्त्यांचे नाही. समितीने राज्याराज्यांत लोकांना ऐकले आणि ओळख, सुरक्षितता आणि समान वागणूक या तीन गोष्टींभोवती त्यांचे म्हणणे मांडले. बुरखा घातलेल्या बाईशी बाजारात, इस्पितळात, शाळेत, बसमध्ये कसे बोलले जाते हे तिथे आले आहे. कुणी विचारले म्हणून आले. इस्पितळ दोन किलोमीटरवर आहे हे नकाशावर दिसते, ती तिथे का जात नाही हे तिलाच विचारावे लागते.

तेव्हा विचारायचे, पण कसे? रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर या मुलगा-वडिलांनी २००१ मध्ये कलकत्त्यातल्या झोपडपट्टीतल्या, फुटपाथवरच्या आणि देहविक्रय करणाऱ्या अशा ८३ जणांच्या मुलाखतींवर लेख लिहिला. एकूण आयुष्याबद्दल विचारले तेव्हा समाधान मधल्या रेषेच्या जरा खालीच होते. पण एकेक गोष्ट वेगळी काढून विचारली, कुटुंब, मित्र, स्वतःची नीतिमत्ता, जेवण, तर उत्तरे रेषेच्या वर गेली. आमच्याकडे मला उलटे दिसले होते. एकूण विचारले की नऊ-दहा, आणि जिन्यात एकेक विचारले की खाली खाली. दोन्हीकडे एकच कळते, की एका मोठ्या प्रश्नात छोटी उत्तरे बुडतात.

दुसरी एक रीत मला फार आवडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७-०८ च्या वृद्धांच्या अभ्यासात ती वापरली होती, आणि त्या अभ्यासात महाराष्ट्रही होता. माणसाला स्वतःबद्दल विचारण्याबरोबर काल्पनिक माणसांच्या चार ओळींच्या गोष्टी सांगायच्या आणि विचारायचे, याला तुम्ही किती द्याल? त्यावरून त्याची मोजपट्टी कळते. त्याचे ‘ठीक’ म्हणजे नक्की किती, हे कळते.

मी ते अम्मीवर करून पाहिले. हे २०२३ मधले. डोळ्याची शस्त्रक्रिया तोवर एकदाची झाली होती. मी एक गोष्ट रचली. श्रीरामपूरची एक बाई, वय पन्नास. नवरा शिवणकाम करतो, रेडिमेड कपड्यांमुळे काम कमी झाले आहे. बाईचे गुडघे दुखतात, डॉक्टरकडे जायचे राहून जाते. मुले चांगली आहेत, शिकतात. बांगड्या सोनाराकडे आहेत. नमाज चुकवत नाही. हिला शिडीवर कुठे ठेवशील?

अम्मीने जीभ टाळूला लावून ‘च्च’ केले. “चार. बेचारी.”

मी कागदावर चार लिहिले आणि गप्प बसले. तिला माझ्या गप्प बसण्यावरून शंका आली असावी. थोड्या वेळाने म्हणाली, “ये किसकी कहानी है गे? मेरीच लिख्या क्या?”

मी हो म्हटले. वाटले, आता स्वतःचे नऊ बदलेल. तिने बदलले नाहीत. म्हणाली, “उसका मैं बोल सकती. मेरा मैं कैसा बोलूं?”

नऊ आणि चार यांच्यात जे पाच आहेत, ते आमच्या फॉर्मवर कुठेच नव्हते. केंद्र कुठे काढायचे हे ठरवताना चार पाहायला हवे होते. आमच्या आयांच्या तोंडून स्वतःसाठी ते चार कधी निघणार नाहीत, म्हणून ते असे वळसा घालून विचारावे लागतात.

यावर आमच्याच एका वडीलधाऱ्यांनी मला टोकले, की तू बायकांना नाशुक्री शिकवते आहेस. त्यांचा मान राखून मी त्यांना कुरआनातल्या ५८ व्या सूरहची आठवण दिली. खौला बिन्त सअलबा यांना नवऱ्याने एका जुन्या रिवाजाप्रमाणे तोडून टाकले होते, ना धड घरात ना मोकळी. त्या पैगंबर साहेबांकडे गेल्या आणि आपले म्हणणे सोडेनात. त्या गाऱ्हाण्यावर उत्तर उतरले, तो रिवाज मोडला, आणि त्या सूरहचे नावच ‘अल-मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री, असे आहे. त्यांना सब्र कमी होता असे आजवर कुणी म्हटलेले नाही. नगरपालिकेकडे नळाची तक्रार करणे ही अल्लाहची नाशुक्री कशी होईल? नळ नगरपालिकेचा आहे. वडीलधारे हसले. पटले की नाही, सांगितले नाही.

आपल्याच जिल्ह्यात विचारण्याच्या चांगल्या रीती झाल्या आहेत. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले ते दवाखाना काढायला, पण लोकांनी आधी अन्न आणि पाणी सांगितले, आणि त्यांनी ते ऐकले. पुढे गावागावांतून निवडलेल्या, कित्येक कधी शाळेत न गेलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. ओळखीच्या बाईला ओळखीची बाई काय सांगते आणि रोजावरच्या मुलीला काय सांगते, यात फरक असतोच. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती, जमिनीत किती, आणि त्यावर ग्रामसभा ठरवते की यंदा कुठली पिके घ्यायची. मोजायचे, ते सर्वांसमोर वाचायचे आणि त्यावर काहीतरी ठरवायचे. आमच्या चौदाव्या पानाचे आकडे ज्यांनी दिले त्यांना कधी कुणी वाचून दाखवले नाहीत. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये देशातला पहिला सरकारी आनंद विभाग काढला, तेव्हा मला हेच विचारावेसे वाटले होते, की आकडा खाली आला तर कुठल्या साहेबाची बदली होणार?

आणि ज्याला विचारलेच नाही त्याचे काय? भूतानचे नाव या विषयात सगळे आदराने घेतात. सकल राष्ट्रीय आनंद, त्याचे नऊ भाग, २०१०, २०१५ आणि २०२२ ची सर्वेक्षणे, प्रश्नावली खरोखर कष्टाने केलेली आहे. पण १९९० च्या सुमारास त्याच भूतानमधून एक लाखाच्या आसपास नेपाळी भाषक लोक बाहेर पडले किंवा पाडले गेले आणि पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिले. देशाच्या आनंदाची सरासरी काढली तेव्हा ते देशात नव्हते. आपण अल्पसंख्य आहोत, आपण तरी कुठलीही सरासरी वाचताना हे आठवायला हवे.

यंदा मुकुंदनगरच्या आम्ही सात मुलींनी स्वतःचा फॉर्म केला आहे. चार पाने. मराठीत एक, आमच्या बोलीत एक. उत्तरे बाईला एकटीला विचारायची, जमले नाही तर तसे कोपऱ्यात लिहायचे. आण्यांत उत्तर आले तर आणेच लिहायचे. शिडी ठेवली आहे. ती आधी विचारली तर एक उत्तर आणि शेवटी विचारली तर दुसरे येईल हे आता आम्हाला माहीत आहे, म्हणून अर्ध्या फॉर्मवर ती पहिली आहे आणि अर्ध्यांवर शेवटची. श्रीरामपूरच्या बाईची गोष्ट आहे. आणि एक नवा प्रश्न आहे: गेल्या वर्षभरात स्वतःची कुठली गोष्ट तुम्ही पुढे ढकलली, आणि कशामुळे?

सराव पुन्हा अम्मीवर केला. मला वाटले होते ती गुडघे सांगेल. तिने सांगितले की बीडच्या खालाकडे जायचे चार वर्षे राहिले आहे, कारण घरी अब्बांच्या जेवणाचे बघायला कुणी नाही. दात बसवायचे आहेत. कानातले अजून सोडवायचे आहेत. आणि मराठी वाचायला शिकायचे होते, मी पाचवीत असताना एकदा सुरू केले होते, माझ्या पुस्तकावरून, ते ‘क्ष’पर्यंत आले आणि राहिले. हे मला माहीत नव्हते. प्रश्नाखाली आम्ही दोन ओळींची जागा सोडली होती. मी कागद उलटला आणि मागच्या बाजूला लिहीत गेले.

तिच्या फॉर्मवर शिडी शेवटी होती. तिने नऊच दिले.